राग ओळखण्याआधी सम सापडू द्या

मैफल संपली की बाहेर चपला शोधता शोधता लोक एकमेकांना विचारतात, "कुठला राग होता हो?" ताल कुठला होता, असं विचारणारं माणूस क्वचितच भेटतं. मी तबला शिकवते, तेव्हा ही तक्रार थोडी घरचीच आहे. पण "गाण्यातलं काही कळत नाही, ऐकायचं कसं ते सांगा" म्हणून येणारी मंडळी बघितली, की बहुतेक जण रागाच्या नावापाशीच अडलेले दिसतात. यमन का भूप, एवढं सांगता आलं की गाणं कळलं, अशी समजूत. नाव तर निवेदक आधीच सांगून गेलेला असतो. तरी पुढचा तासभर माणूस चाचपडतच बसतो.

ख्याल, म्हणजे आपल्या शास्त्रीय मैफलीतला मुख्य गानप्रकार, ऐकायला शिकायचं तर माझा क्रम असा: आधी षड्ज, मग सम, आणि राग त्यानंतर. गायक सतत कुठेतरी निघून जात असतो आणि ह्या दोन ठिकाणी परतत असतो, एक सुराचं आणि एक तालाचं. ही दोन ठिकाणं ठाऊक नसतील तर तो लांब गेलाय का जवळ आलाय हेच उमगत नाही, आणि मग गवई कितीही मोठा असला तरी जांभया येतात.

षड्ज

कुठल्याही रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नुसता तानपुरा ऐकू येतो. "अजून सुरू व्हायचंय" म्हणून लोक तेवढा भाग पुढे ढकलतात. तुम्ही तिथेच थांबा. तानपुऱ्याबरोबर एक स्वर गुणगुणा. थोडा वर, थोडा खाली करत बघा. एका जागी तुमचा आवाज आणि तानपुरा वेगवेगळे ऐकू येईनासे होतील. तो सा.

तानपुऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात लावलेली, मधल्या दोन जोडाच्या सा मध्ये आणि शेवटची जाड तार खर्जाच्या सा मध्ये. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तिथे पहिली तार मध्यमात लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावलेली असते, आणि ती नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधारही ऐकू येतो. गंधाराची तार तानपुऱ्यावर नाही, तरीही. तार छेडली की ती पूर्ण लांबीने कंप पावतेच, शिवाय त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शानेही कंप पावत असते. पाचव्या हिश्शातून निघतो तो गंधार. हेडफोन लावून शांतपणे ऐकलंत तर तो सापडतो. पहिल्या दिवशी नाही सापडला तरी बिघडत नाही.

सा ची उंची ठरलेली नसते. प्रत्येक जण आपल्या गळ्याला झेपेल ती पट्टी घेतो. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. त्यामुळे रेकॉर्डिंग बदललं की सा नव्याने शोधायचा. बाकीचे अकरा स्वर त्याच्या नात्याने ठरतात. सा आणि प अचल, रे ग ध नी हे शुद्ध आणि कोमल, म शुद्ध आणि तीव्र. वरच्या सा ची कंपनसंख्या खालच्या सा च्या बरोबर दुप्पट असते, म्हणून इतका उंच असूनही तो कानाला तोच वाटतो.

ही यादी पाठ करायची गरज नाही. त्यापेक्षा एक गोष्ट करा. आलाप चालू असताना सा मनातल्या मनात धरून ठेवा आणि गायक शुद्ध निषादावर थांबला की स्वतःकडे लक्ष द्या. नी हा वरच्या सा च्या इतका जवळ असतो की तिथे मुक्काम लांबला की ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागतो. चांगला गवई हे जाणून असतो आणि मुद्दाम लांबवतो. मग सा लागतो आणि सगळं सभागृह एकदम श्वास सोडतं. तो श्वास तुम्हीही सोडलात तर षड्ज तुम्हाला सापडला आहे.

सम

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

लय म्हणजे चाल, दोन ठोक्यांमधलं सारखं अंतर. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं फिरत राहणारं चक्र. त्या चक्राची एक फेरी म्हणजे आवर्तन, आणि त्याची पहिली मात्रा म्हणजे सम. मधल्या वाटेत गायक आणि तबलजी काहीही करोत, समेवर दोघांना एकत्र यावं लागतं.

सुरुवात मध्यलयीतल्या तीनतालाने करा. मात्रा १६, चार-चारचे चार खंड:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता बाजूला न्यायचा. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं, आणि नवखा श्रोता ते वाचून बोटांवर सोळा मोजायला लागतो. सातव्या मात्रेला गायकाने सुंदर जागा घेतली की मोजणं चुकतं, मग माणूस वैतागतो. मोजू नका. डग्गा ऐका.

डाव्या हाताखालचा डग्गा धा आणि धिं ह्या बोलांत घुमतो. तिं आणि ता मध्ये तो गप्प असतो, फक्त उजव्या हाताचा तबला वाजतो. आता वरचा ठेका परत वाचा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा नाही. आवाज एकदम हलका, पोकळ होतो. चौदाव्या मात्रेला धिं वाजला की ती घूम परत येते, आणि तिथून धिं, धिं, धा, की लगेच सम. म्हणजे सोळा मोजायची गरजच नाही. पोकळी ओळखायची, घूम परतली की तीन मात्रा जाऊ द्यायच्या आणि चौथीवर मान हलवायची. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना मी पहिल्या दिवशी फक्त एवढंच करायला लावते, आणि बहुतेकांना ते त्याच दिवशी जमतं. लहान मुलांना तर सांगावंही लागत नाही.

विलंबित ख्यालात ही युक्ती अपुरी पडते, कारण तिथे लय फार संथ. बडा ख्याल पुष्कळदा विलंबित एकतालात असतो. मात्रा १२, पण एकेक मात्रा इतकी लांब की आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिट किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं. इथे मैलाचे दगड आहेत ते तिरकिट:

धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । क त्ता । धागे तिरकिट । धी ना

तिरकिट दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर तू ना, डग्ग्याशिवाय. दुसऱ्यानंतर धी, डग्ग्यासकट. तेव्हा तिरकिट ऐकू आला की पुढच्या बोलाकडे कान ठेवा. डग्गा घुमला तर तुम्ही आवर्तनाच्या शेवटाला आला आहात. गायकाची पावलंही तिथेच घराकडे वळतात, मुखडा, म्हणजे बंदिशीची (गायल्या जाणाऱ्या रचनेची) पहिली ओळ, बहुधा ह्या शेवटच्या मात्रा-दोन मात्रांत उचलला जातो.

रूपक हा ताल मात्र पहिल्या महिन्यात बाजूला ठेवा. सातच मात्रांचा, दिसायला सोपा, पण ती ती ना । धी ना । धी ना असा ठेका. त्याची समच खाली आहे. सगळ्या तालांत समेवर वजन पडतं आणि इथे ती हलकीच येते. नवखा माणूस चौथ्या मात्रेच्या धी ला सम समजून दिलखुलास मान हलवतो, आणि तबलजी हसू दाबतो. झुमराही नंतरच. १४ मात्रांचा हा ताल उस्ताद अमीर खाँसाहेबांना अतिविलंबितासाठी फार प्रिय होता, त्यांच्या रेकॉर्डिंग्जकडे वळाल तेव्हा तो भेटेलच.

आता मुखडा. बंदिशीची पहिली ओळ, किंवा तिचा तुकडा, गायक पुन्हापुन्हा गात असतो. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत एकच शोध घ्या: त्या ओळीतलं कुठलं अक्षर समेवर पडतं? ते एकदा सापडलं की पुढे सगळं सोपं. गायक कितीही दूर जाऊ दे, मुखड्याचे पहिले शब्द कानावर पडले की कुठल्या अक्षरावर काय होणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. ते अक्षर नेमकं त्या जागी आलं की न सांगता "वा" निघतं. रसिकांची दाद समेवर का येते, ह्याचं उत्तर एवढंच. उगाच तानेच्या मध्येच टाळ्या वाजवणारे लोक असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मुखड्याच्या खालोखाल मजा तिहाईत आहे. एकच तुकडा सारख्या लयीत तीनदा, आणि तिसऱ्यांदा त्याचा शेवटचा बोल बरोबर समेवर. पहिल्यांदा तुकडा नुसता कानावरून जातो. दुसऱ्यांदा आला की कळतं, ही तिहाई आहे. आता तिसरा कुठे संपणार ह्याचा अंदाज बांधा. तिहाई घेणारा गायक असो की तबलजी, त्याने हा हिशोब निघायच्या आधी मनात केलेला असतो; तुम्हाला तो वाटेत करायचा आहे. कधी गवई मुद्दाम सम ओलांडून पुढच्या मात्रेवर उतरतो किंवा अलीकडेच थांबतो. त्याला अनुक्रमे अतीत आणि अनाघात अशी नावं आहेत, पण गंमत कळायला सम पक्की हवी. सम ठाऊक नसलेल्या माणसाला तो फक्त चुकल्यासारखा वाटतो.

राग, आता

भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत पाचच स्वर, आणि तेच: सा रे ग प ध. म आणि नी दोन्हींत नाहीत. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरचा आणि देशकार सकाळचा. भूपात गंधारावर मुक्काम, चाल सप्तकाच्या खालच्या अंगाने. देशकारात धैवत राजा, आणि गायक सारखा वरच्या सा कडे ओढलेला. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांनी राग दहा थाटांत, म्हणजे स्वरसंचांच्या दहा गटांत, बसवले, तेव्हा त्यांनीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात घातला. म्हणजे स्वर मोजून राग सापडत नाही. कुठला स्वर किती वेळ, कुठल्या स्वरावरून कुठे आणि कसं जायचं, कुठे नुसतं शिवून परतायचं, ह्या वागण्यातून तो उभा राहतो.

तेव्हा स्वरांची नावं ओळखता येत नसली तरी तीन प्रश्न विचारा. गायक कुठे थांबतोय? सप्तकाच्या खालच्या भागात जास्त फिरतोय की वरच्या? सरळ चढतोय की वळणं घेत? मारवा, पूरिया आणि सोहनी एका बैठकीत ऐकून बघा. तिघांचे स्वर तेच आहेत: कोमल रे, तीव्र म, पंचम नाहीच. पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, गंधार-निषादाच्या आधाराने. सोहनी वरच्या, तार सप्तकात, चपळ. आणि मारवा कोमल रिषभ आणि धैवतावर टेकतो, सा ला यायचं टाळत राहतो. षड्ज मनात धरायची सवय झालेल्या माणसाला मारवा अक्षरशः बेचैन करतो. तानपुरा सा देतोय, गायक तिथे जातच नाही. सुरुवात षड्जापासून करा म्हणते ते ह्याच्यासाठी. षड्ज हरवलेल्या कानाला मारवा हा नुसता एक उदास सूर वाटतो.

ख्यालाची बढत, म्हणजे रागाचा सावकाश होत जाणारा विस्तार, ऐकताना एका गोष्टीची वाट बघण्यात खूप सुख आहे: नवा स्वर. कसलेला गवई सगळे स्वर एकदम उधळत नाही. खालच्या भागात घोटाळत राहतो, एकेक स्वर वर सरकतो. तेवढ्यात पंचम यायला हवा असं तुम्हाला वाटायला लागतं, तो त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन मागे फिरतो, पुन्हा जातो. शेवटी पंचम लागतो तेव्हा खोलीत उजेड पडतो. तार षड्जाचंही तसंच, आणि तो सहसा अंतऱ्याच्या तोंडाशी. त्यानंतर शब्द धरून बोलआलाप, बोलतान, कधी सरगम, मग तानांची आतषबाजी आणि द्रुत ख्याल. क्रम घराण्यागणिक, माणसागणिक बदलतो. तो पाठ करून जाऊ नका.

घराण्यांबद्दल फार बोलत नाही. कानाला पहिल्याप्रथम जाणवणारा फरक सांगते. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (१८७२–१९३७) किराणा गायकीत स्वर लांबवून त्याच्या आत शिरायची ओढ आहे, ताल मागे मंद चालू असतो. उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या (१८५५–१९४६) जयपूर-अत्रौली गायकीत प्रत्येक फिरत मात्रेशी विणलेली, तिथे माझ्यासारख्या तबल्यावाल्यांची चंगळ असते.

साथीच्या वाद्यांकडेही कान द्या. सारंगी गळ्यामागे सावलीसारखी जाते, एका स्वरातून दुसऱ्यात घसरते, मींड घेते. हार्मोनिअमची पट्टी सुटी, दोन पट्ट्यांच्या मधला प्रवास तिला नाही. ह्या मुद्द्यावर इतका वाद झाला की आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनिअमला बंदी होती, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. तरीही आज बहुतेक मैफलींत हार्मोनिअमच असते. माझं मत विचाराल तर चांगला वादक असेल तर तो कमी वाजवून ही उणीव भरून काढतो. गायक मींड घेत असताना हार्मोनिअम गप्प बसली तर समजा, तुमच्यासमोर जाणता साथीदार आहे.

ऐकायचं काय, आणि कसं

तासाभराच्या रेकॉर्डिंगने सुरुवात करू नका. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची गाणी घ्या. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे पसरट विलंबिताला जागाच नाही. लय मध्य किंवा द्रुत, सम दर काही सेकंदांनी येते, मुखडा वारंवार भेटतो. शिवाय गवयाला जे सांगायचं ते एवढ्यातच सांगायचं, तेव्हा पाल्हाळ नाही. खरखर असते, ती दुसऱ्या मिनिटाला कानाआड होते. गायिका केसरबाई केरकरांचं भैरवीतलं रेकॉर्डिंग १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवलं, तेही साडेतीन मिनिटांचंच आहे.

एकच तबकडी लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त षड्ज धरा. गायक काय करतोय ते सोडून द्या, सा गुणगुणत राहा, कुठे तुमचा सा आणि त्याचा स्वर एक होतो तेवढं बघा. जुन्या तबकड्यांत तानपुरा अस्पष्ट असतो, मग हार्मोनिअमच्या सुरावरून सा काढा. दुसऱ्यांदा फक्त तबला. पोकळी कुठे, घूम कुठे परत येते. मांडीवर समेची एक टाळी द्या, बाकीच्या मात्रांना हात हलवू नका. तिसऱ्यांदा मोजणं, गुणगुणणं सगळं बंद, नुसतं ऐका. तीच तबकडी दुसऱ्या दिवशी लावा. नवी लावायचा मोह होतो, फोनमध्ये हजारो पडलेल्या असतात. पण मुखडा पाठ झालेलं एक गाणं तुम्हाला जितकं शिकवतं, तितकं अर्धवट ऐकलेली पन्नास गाणी शिकवत नाहीत.

मग प्रत्यक्ष मैफल. पहिल्यांदा लहान खोलीतली बैठक बघा, मोठा मांडव नको. मांडवातल्या पडद्यावर बहुतेक वेळ गायकाचा चेहराच दिसतो, आणि तुम्हाला हवेत तबलजीचे हात. ते दिसतील अशा बाजूला बसा. तबल्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी पडत असते तेव्हा बोलू नका, कारण तो तबला गायकाच्या सा मध्ये मिळवत असतो आणि तुम्हालाही सा तिथेच फुकट मिळतो. समेआधी तबलजीचं अंग किंचित पुढे येतं, गायकाचा हात वरून खाली उतरतो, दोघांची नजरानजर होते. कानाने सम निसटली तर डोळ्यांनी पकडा, त्यात कमीपणा नाही. आम्हीही पकडतो.

शेवटी बहुधा भैरवी. तिच्यात बाराही स्वर वापरायची मोकळीक गवई घेतात, त्यामुळे रागाचे नियम तपासत बसू नका. ठुमरी किंवा भजन असेल तर पुष्कळदा ताल छोटा, दादरा ६ मात्रांचा किंवा केहरवा ८ मात्रांचा. दोन्ही तुमच्या कानात चित्रपटगीतांमुळे आधीपासून बसलेले आहेत. ठुमरीच्या शेवटाकडे गायक एकच ओळ धरून ठेवतो आणि तबलजी एकदम लय वाढवून लग्गी सुरू करतो. तिथे मोजायचं सोडा, त्या ओळीवर लक्ष ठेवा. लग्गी पुरी झाली की तबला तिहाई घेऊन मूळच्या संथ ठेक्यावर उतरतो, आणि ती तिहाई आता तुम्हाला दुसऱ्या फेरीतच ओळखू येईल.